बायनरी छापायचंय: दोनने भागावं की बिट सरकवावे?

८०८६ (इंटेलचा जुना सोळा-बिट प्रोसेसर) च्या असेंब्ली प्रॅक्टिकलला 'संख्या बायनरीत दाखवा' आलं की दोन वाटा असतात. एक तर दोनने भागत जायचं, प्रत्येक बाकी स्टॅकवर (शेवटी ठेवलेलं आधी निघतं अशी मेमरीतली जागा) पुश करायची आणि शेवटी पॉप करत छापायची. नाहीतर डावीकडून एकेक बिट कॅरी फ्लॅगमध्ये (बाहेर पडलेला बिट धरणारी प्रोसेसरमधली एका बिटाची खूण) आणून तिथल्या तिथे छापायचा. मी दोन्ही लिहून पाहिल्यात, नीट लिहिल्या तर दोन्ही चालतात.

भागाकार आधी सुचतो, कारण तो शाळेपासून हातात बसलेला असतो. मीही तेच केलं. नागपुरातला एप्रिल, सबमिशन दुसऱ्या दिवशी, खोलीत कूलर सुरू. ८ टाकले, १००० आलं. १६ टाकले, १०००० आलं. ५ टाकले आणि प्रोग्रॅम थांबेचना. रूममेट म्हणाला, "काहून अटकलं बे?" मला सांगता येईना.

रात्री उशिरा डीबगरमध्ये एकेक पायरी चालवली, तेव्हा कळलं. लूपच्या आत डीएक्स शून्य करायचं राहिलं होतं (एएक्स, बीएक्स, सीएक्स, डीएक्स ही प्रोसेसरमधली सोळा बिटांची रजिस्टरं, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा). सोळा बिटांच्या संख्येने भागताना डिव्ह ही भागाकाराची सूचना डीएक्स आणि एएक्स मिळून बत्तीस बिट धरते, आणि बाकी डीएक्समध्येच ठेवते. ५ चे २ झाले, बाकी १. पुढच्या फेरीत ती बाकी ६५५३६ म्हणून मोजली गेली आणि २ चे ३२७६९ झाले. एएक्स शून्य होईना, स्टॅक भरतच राहिला. ८ आणि १६ मध्ये एकच बिट १ असतो. तो बाकीत पडतो तेव्हा एएक्स शून्य झालेलं असतं, म्हणून उत्तर बरोबर येतं. चूक असूनही बरोबर उत्तर मिळावं, हेच मला फार खुपलं.

त्यानंतर मी रोटेटकडे वळलो. संख्या बीएक्समध्ये, फेऱ्या मोजायला सीएक्समध्ये १६. बीएक्स एकदा डावीकडे फिरवायचं, डीएलमध्ये (डीएक्सचा खालचा अर्धा भाग) ३०एच, म्हणजे '0' या अक्षराचा हेक्स कोड, मूव्ह करायचं (मूव्हने फ्लॅग बदलत नाहीत), मग एडीसीने, म्हणजे कॅरीसकट बेरीज करणाऱ्या सूचनेने, शून्य मिळवायचं. कॅरीप्रमाणे ३०एच ('0') किंवा ३१एच ('1') तयार. छापायला डॉसच्या इंटरप्ट २१एचचं फंक्शन ०२, ते डीएलमधलं अक्षर छापतं. स्टॅक लागत नाही, आणि सोळा फेऱ्यांनंतर बीएक्समध्ये मूळ संख्या जशीच्या तशी परत येते. फक्त संख्या एएक्समध्ये ठेवू नका, एएचमध्ये (एएक्सचा वरचा अर्धा भाग) फंक्शन नंबर द्यावा लागतो.

वेगाचं म्हणाल तर कागदावर डिव्हला १४४ ते १६२ क्लॉक (प्रोसेसरचे ठोके) लागतात, रोटेटला २. स्क्रीनवर मला तरी फरक दिसला नाही.

५ चं उत्तर ०००००००००००००१०१ असं येतं. पुढची शून्यं काहींना नको असतात. मला ती आवडतात, रजिस्टर पूर्ण दिसतं.

पुढे तेच रूटीन दशमानातही वापरायचं असेल, तर मात्र भागाकार घ्या. दोनच्या जागी दहा ठेवले की काम होतं. डीएक्स लूपच्या आत, डिव्हच्या अगदी वरच्या ओळीत शून्य करा, आणि बायनरीत तपासायला ८ नाही, ५ घ्या.