‘टॅक्स-फ्री भत्ता’ म्हणून माझा पगार कागदावर 9,500 केला : ड्रायव्हर भावांनो, आपापली स्लिप आजच काढून बघा

आठ वर्षं ट्रेलर चालवून नोकरी सोडली, आणि फुल अँड फायनलच्या, म्हणजे शेवटच्या हिशेबाच्या, कागदावर कंपनीने लिहून दिलं की मीच त्यांचं 41,654 रुपये देणं लागतो. शेवटच्या महिन्याचा पगार 28,500 आणि ग्रॅच्युइटी 43,846, असे माझे 72,346 रुपये त्यांच्याकडे निघत होते. ते त्यांनी माझ्या नावावरच्या 1,14,000 रुपयांच्या ‘येण्या’त वळते करून टाकले. आणि हे 1,14,000 कसले? तर सहा महिन्यांचा प्रवास भत्ता, ज्याची मी बिलं दिली नाहीत. नोकरीला लागताना जो भत्ता ‘हा तुझा पगारच आहे, फक्त टॅक्स-फ्री’ म्हणून सांगितला होता, तोच हा भत्ता.

कंपनीचं नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे. न्हावा शेवाहून कंटेनर ओढणारी आहे, एवढं पुरे. आणि हे एकाच कंपनीत चालत नाही. पार्किंगला गाडी लावून चहाला बसलं की चारातल्या दोघांची स्लिप अशीच निघते.

पद्धत बहुतेकांना माहीत आहे. मी 2017 ला लागलो तेव्हा हातात 22,000 ठरले, सोडताना 28,500 होते. त्यातला मूळ पगार 9,500 आणि ‘प्रवास व भोजन भत्ता’ 19,000. पीएफ कापायचा फक्त 9,500 वर. मॅनेजरचं म्हणणं असं, की भत्त्यावर टॅक्स नाही, पीएफ कापला जात नाही, म्हणजे तुझ्या हातात जास्त पडतात, घरी पाठवायला बरं. चार लेकरांचा संसार असलेला माणूस हे ऐकून नाही म्हणेल का? मी नाही म्हटलं नाही, आणि माझ्या जागी कुणीही म्हटलं नसतं.

आता त्या ‘टॅक्स-फ्री’चं ऐका, कारण खरी फसवणूक तिथेच आहे. वर्षाला 28,500 प्रमाणे माझे होतात 3,42,000 रुपये. 2019-20 पासून पाच लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला रिबेट मिळून टॅक्स शून्य होतो. त्याआधी रिबेटची हद्द साडेतीन लाख होती आणि माझे वर्षाचे 2,64,000 च होत होते, तेव्हाही शून्यच. म्हणजे भत्ता असो नसो, मला एक रुपयाही टॅक्स लागणारच नव्हता! ज्याला टॅक्स नाही त्याला टॅक्स वाचवण्याची लालूच दाखवली. वाचलं ते मालकाचं, कारण मालकालाही पीएफमध्ये 12 टक्के भरावे लागतात. पीएफसाठी पगार जास्तीत जास्त 15,000 धरतात, तेवढ्यावर भरले असते तर महिना 1,800 झाले असते, 9,500 वर 1,140 च झाले. एका ड्रायव्हरमागे महिन्याला 660 रुपये. त्यांच्याकडे गाड्या किती आणि ड्रायव्हर किती, ते तुम्हीच गुणून बघा. माझ्या बाजूचेही 660 कमी गेले. दोन्ही मिळून महिना 1,320, म्हणजे शेवटच्या तीनच वर्षांचे 47,520 रुपये माझ्या खात्यात आले नाहीत, व्याज वेगळं.

आणखी एक. आयकरात वाहतूक कर्मचाऱ्याच्या भत्त्याला सूट होती, पण ती भत्त्याच्या 70 टक्के किंवा महिना 10,000, यातलं जे कमी असेल तेवढीच, आणि तीही जुन्या करपद्धतीतच. 19,000 चा 19,000 भत्ता टॅक्स-फ्री असतो हेच मुळात खोटं. हे मला वकिलाने सांगितलं. कंपनीच्या अकाउंटवाल्याला ते माहीत नसेल यावर माझा विश्वास नाही.

आता एका महिन्याची गोष्ट. 2021 च्या पावसाळ्यात खोपोलीच्या अलीकडे मागून एका टँकरने ठोकलं. माझी चूक नव्हती, पंचनाम्यातही तसंच आलं. गाडी बॉडीवाल्याकडे गेली आणि मी गावी. पुढचा अख्खा महिना स्टेअरिंगला हात नाही. पगार किती यावा? पूर्ण. स्लिपवर मूळ पगार 9,500 आणि खाली ‘प्रवास व भोजन भत्ता 19,000’. घरी बसलेल्या माणसाला प्रवास भत्ता! मी परत गेलो तेव्हा अकाउंटच्या पोराला विचारलंसुद्धा. तो म्हणाला, “काका, पैसे मिळतायत ना? मग कशाला डोकं लावता?”

तेव्हाच खटकायला हवं होतं, असं आता घरचे ऐकवतात. मेव्हणा साखर कारखान्यात क्लार्क आहे, तो तर चारचौघांत बोलला. मला त्या दिवशी मान वर करता आली नाही. पण मी त्यांना एकच विचारतो : पूर्ण पगार आला म्हणून कुणी भांडायला जातं का? पाणी तिथेच मुरत होतं हे खरं, पण ते पाणी मुरवणारे कोण? त्या स्लिपवरून खरं तर हेच सिद्ध होतं की 19,000 प्रवासाचे नव्हतेच, पगाराचे होते. गाडी हलली नाही तरी जे पैसे ठरल्याप्रमाणे मिळतात, तो भत्ता कसला?

प्रवासाचा खरा खर्च तर वेगळाच मिळायचा. टोल फास्टॅगवर, डिझेल कंपनीच्या कार्डावर, आणि निघताना खर्ची हातात : पार्किंग, पंक्चर, हायड्रा क्रेन, हमाली. त्या प्रत्येक रुपयाची पावती मी व्हॉट्सॲपवर टाकलेली आहे, आजही मोबाइलमध्ये आहे. खर्चीचा हिशेब एकदाही थकला नाही. मग ही ‘बिलं न दिलेली’ 1,14,000 ची रक्कम आली कुठून?

ती आली व्हाउचरमधून. दर महिन्याला पगार बँकेत एकरकमी जमा व्हायचा, 28,500, पासबुकात पुढे ‘सॅलरी’ असंच छापून. पण त्याच्या आसपास ऑफिसच्या खिडकीत एक व्हाउचर पुढे यायचं. पिवळा कागद, खाली कार्बन, कोपऱ्यात एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट आधीच चिकटवलेलं. पोरगं वरच्या भागावर कोपर टेकवून बसायचं आणि बोटाने तिकीट दाखवायचं, “काका, इथे.” तिकिटावरून सही आडवी मारायची आणि निघायचं. वर इंग्रजीत काय छापलंय? ‘प्रवास खर्चापोटी ॲडव्हान्स, बिले सादर केल्यावर समायोजित’. हे मला नोकरी सोडल्यावर कळलं, त्यांनीच पुरावा म्हणून झेरॉक्स पुढे केली तेव्हा. बाहेर कंटेनर लोड करून गाडी उभी, पोर्टात गेट-इनची वेळ चाललेली, मागे आणखी ड्रायव्हर रांगेत. तिथे उभं राहून इंग्रजी कागद कोण वाचणार? वाचायला मागितला असता तर गाडी दुसऱ्याला दिली असती. ही सही माझ्याकडून घेतलेली आहे, मी दिलेली नाही.

फुल अँड फायनलच्या दिवशी मॅनेजर काय म्हणाला ते लिहून ठेवतो. “आम्ही फक्त डिसेंबर ते मे धरलंय. मागच्या वर्षांचं ऑडिट झालंय म्हणून सोडून देतोय.” म्हणजे आठ वर्षांचा भत्ता माझ्या डोक्यावर टांगता ठेवला होता, आणि सहा महिन्यांचाच वसूल करतोय म्हणून मी आभार मानायचे. जो निमूट नोकरीत राहतो त्याचा भत्ता पगार असतो, जो सोडतो त्याचा भत्ता उचल होते. नोकरी सोडू नये म्हणून घातलेलं दावंच आहे ते.

व्हाउचरवर सही करण्याआधी मोबाइलने फोटो काढा. काढू देत नसतील तर तारीख, रक्कम आणि खिडकीत कोण होतं ते त्याच रात्री स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवा.

माझं तरी हातपाय धड आहेत. आमच्यातला एक जण 2023 मध्ये अपघातात गेला. त्याचाही कागदावर पगार 9,500. पीएफबरोबर जो विमा असतो, त्यात वारसाला सरासरी पगाराच्या 35 पट आणि वर शिलकीच्या हिशेबाने थोडे मिळतात. पगार धरतात तो पीएफ कापलेला, जास्तीत जास्त 15,000. वहिनींच्या बाबतीत 35 पट झाले 3,32,500. 15,000 वर पीएफ भरला असता तर 5,25,000 झाले असते. 1,92,500 रुपये त्या बाईच्या हातातून गेले, आणि विधवा पेन्शनही त्याच 9,500 वर. शेठ दहाव्याला येऊन 10,000 चं पाकीट देऊन गेले. तेव्हा आम्ही सगळे म्हणालो, शेठ माणूस चांगला आहे.

उमंग ॲपवर पीएफचं पासबुक दिसतं. त्यात ‘वेजेस’चा रकाना बघा. माझ्या प्रत्येक ओळीत 9,500, माझे 1,140, आणि मालकाच्या 1,140 पैकी 349 पीएफला, 791 पेन्शनला. तुमच्या हातात पडणारा आकडा आणि हा आकडा यांत दुपटी-तिपटीचा फरक असेल तर तुमचंही माझ्यासारखंच चाललंय, नोकरी सुटेपर्यंत थांबू नका.

आता सरकारी कचेऱ्यांचं. इथे माझं डोकं फिरतं. पीएफच्या ऑफिसात गेलो तर म्हणाले, पोर्टलवर तक्रार टाका. टाकली. उत्तर आलं की मालकाने जाहीर केलेल्या पगारावर वर्गणी भरलेली आहे, तक्रार निकाली. अरे, जाहीर केलेला पगारच खोटा आहे हीच तर तक्रार! 28 फेब्रुवारी 2019 ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की जो भत्ता सरसकट सगळ्या कामगारांना नेहमी मिळतो तो पीएफसाठी पगारच धरायचा, आणि तो वेगळा आहे म्हणायचं असेल तर मालकाने दाखवून द्यायचं. निकालाची प्रत मी घेऊन गेलो. टेबलावरच्या साहेबांनी ती उलटी करून ठेवली आणि म्हणाले, “पगाराचा वाद असेल तर कामगार ऑफिसला जा.” कामगार ऑफिसात म्हणाले, “पीएफचा विषय आमच्याकडे येत नाही.” पोलीस ठाण्यात म्हणाले, दिवाणी मामला आहे, आणि वर, “तुम्हीच सही केलीय ना?” पीएफवाल्यांना मालकाचं दप्तर मागवून चौकशी करता येते. पगाराचं रजिस्टर आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी ठेवलं की अर्ध्या तासात उलगडा होईल. एकाही माणसाने ते मागितलं नाही. त्या कचेरीत चकरा मारायच्या म्हणजे दिवसाची कमाई बुडवायची, आणि साहेब जेवायला गेलेत म्हणून बाकावर बसायचं. ज्याच्या पैशाच्या रखवालीसाठी हे ऑफिस आहे, त्यालाच तिथे हाकलतात. शेठचा माणूस मात्र सरळ आतल्या खोलीत जाताना मी स्वतः पाहिलाय.

ग्रॅच्युइटीबाबत एक पक्कं लक्षात ठेवा, वकिलाला 15,000 मोजून मला कळलंय, तुम्हाला फुकट सांगतो. ग्रॅच्युइटीतून अशी उधारी कापून घेता येत नाही. गैरवर्तन किंवा नुकसान केलं म्हणून नोकरीवरून काढलं असेल, तरच ती रोखता येते. मी रीतसर राजीनामा दिलाय. मालकाने तीस दिवसांत द्यायची असते, उशीर झाला की व्याज लागतं. नाकारली की लगेच अर्ज करा, मी सोडली तेव्हा नव्वद दिवसांची मुदत होती, पुढे विनवण्या करत बसावं लागतं. मी तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तो अर्ज, म्हणजे फॉर्म एन, मुदतीत भरलाय. ‘नो ड्यूज’वर, म्हणजे माझं काही येणं बाकी नाही या कागदावर, सही केलेली नाही. सही केली तर राहिलेला पगार लगेच देतो, असा निरोप दोनदा आला होता. तुम्हीही करू नका, कितीही नड असली तरी.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवीन कामगार संहिता, म्हणजे कामगारांचे नवे कायदे, लागू झाल्या. आता भत्ते एकूण रकमेच्या निम्म्याहून जास्त असले तर वरची रक्कम पगारातच धरायची. माझ्या 28,500 चे निम्मे 14,250, म्हणजे कागदावर 9,500 दाखवता आले नसते. पण मी जूनमध्येच बाहेर पडलो. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी नव्या स्लिपा नीट तपासा. हे लोक आता ‘भत्ता’ शब्द काढून ‘ट्रिप रीइम्बर्समेंट’ म्हणून वेगळ्या खात्यातून पैसे टाकायला लागलेत, असं तिथल्याच एकाने मला सांगितलं. पगार दोन तुकड्यांत यायला लागला की समजा. मालकाला लेखी विचारा, आणि विचारताना चार-पाच जण मिळून विचारा, एकट्याला गाडीवरून उतरवतात.

पुढच्या तारखेला मला दाखवायचंय की 19,000 सगळ्यांनाच मिळत होते, गाडी उभी असली तरी मिळत होते. त्यासाठी माझी एकट्याची स्लिप पुरत नाही. ज्यांनी त्या खिडकीत पिवळ्या व्हाउचरवर सह्या केल्यात त्यांनी आपली एक स्लिप आणि त्याच महिन्याचं बँक स्टेटमेंट मला द्यावं. लॉकडाऊनमधल्या, म्हणजे एप्रिल 2020 च्या स्लिपा कुणी जपून ठेवल्या असतील तर त्या आधी. तेव्हा निम्म्याहून जास्त गाड्या जागेवर उभ्या होत्या, आणि भत्ता सगळ्यांना पूर्ण आला होता. नोकरीत असलेल्यांचं नाव मी कुठेही पुढे करणार नाही, वकिलाशी तसं बोलून ठेवलंय.