टीके ९.० : आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः पहिल्या वेलांटीबद्दल

हा अभिप्राय मी दुसऱ्याच महिन्यात लिहायला बसलो होतो आणि तेव्हा पूर्ण केला असता तर तो फार कडवट झाला असता. मोडी कागदपत्रांची सूची ठेवण्यासाठी मी टीसीएल-टीकेमध्ये (टीसीएल ही प्रोग्रॅमिंग भाषा, आणि टीके ही तिची खिडक्या-बटणे काढणारी जोडप्रणाली) एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. वर मूळ मोडी ओळ, तिच्याखाली देवनागरी लिप्यंतर आणि मग मिती, शिक्का व शेरा यांचे रकाने अशी त्याची साधी रचना आहे. आम्ही तिघे तो वापरतो. दोघांकडे विंडोज आहे आणि माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप व त्यावर लिनक्स. जुन्या ८.६ आवृत्तीवर सुरळीत चालणारा हा प्रोग्रॅम नव्या ९.० वर आणला आणि तिसऱ्या आठवड्यात सूचीची मुख्य फाइलच उघडेनाशी झाली.

८.६ ही आवृत्ती डिसेंबर २०१२ मधली आणि ९.० आली सप्टेंबर २०२४ मध्ये. या दरम्यान मी ज्या एका गोष्टीची वाट पाहत होतो ती मोडीशी संबंधित होती. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक (संकेतांक) देणाऱ्या मानकात, मोडीचा समावेश २०१४ साली ७.० या आवृत्तीत झाला, पण तिला जागा मिळाली पहिल्या ६५,५३६ संकेतांकांच्या पलीकडे. ८.६ अशा प्रत्येक अक्षराचे आतल्या आत दोन तुकडे करीत असे. त्यामुळे पाच अक्षरांच्या शब्दाची लांबी दहा भरे आणि शब्द मधेच तोडला तर हाती अर्धे अक्षर येई. हे टाळण्यासाठी मी दीडशे ओळींचा जोडकोड लिहून ठेवला होता. ९.० मध्ये एक अक्षर म्हणजे एकच अक्षर, आणि ते दीडशे ओळींचे ओझे मी एका संध्याकाळी पुसून टाकले. त्या दिवशी झालेला आनंद खरा होता.

आता फाइलबद्दल. प्रोग्रॅम सुरू होताच बहुबाइट अक्षर अवैध किंवा अपूर्ण असल्याची तक्रार करून थांबत होता. तीच फाइल ८.६ मध्ये निमूटपणे उघडत असल्याने मी सगळा दोष नव्या आवृत्तीला दिला आणि दोन रविवार त्यात घालवले. शेवटी बाइट मोजत गेल्यावर कारण सापडले. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असते, आणि आम्ही पूर्वी जिच्यातून काही नोंदी आणल्या होत्या त्या एका जुन्या प्रणालीने शेऱ्याचा रकाना ठरावीक बाइटांवर कापला होता. कात्री अक्षराच्या मध्यावर पडली होती. ८.६ अशा उरलेल्या बाइटांना वेगळी रोमन चिन्हे समजून दाखवीत असे आणि फाइल जतन केली की तो कचरा वैध मजकूर म्हणून कायमचा लिहून ठेवीत असे. ९.० वाचतानाच नकार देते. ज्या नोंदी ८.६ मध्ये जतन झाल्या होत्या त्या हाताने दुरुस्त कराव्या लागल्या. ज्या झाल्या नव्हत्या त्या या नकारामुळे वाचल्या. माझे मत इथे बदलले. सूचीसारख्या कामात गप्प राहणाऱ्या साधनापेक्षा अडून बसणारे साधन मला हवे आहे.

असेच समाधान ०८ आणि ०९ या आकड्यांनी दिले. आधी शून्य असलेली संख्या ८.६ अष्टमान, म्हणजे फक्त ० ते ७ अंकांची, समजत असे, म्हणून ऑगस्ट आणि सप्टेंबरच्या तारखांवर हिशेब करताना चूक दाखवून थांबणे हा वार्षिक त्रास होता, तो गेला. एसव्हीजी (रेषा-आकारांच्या वर्णनातून काढली जाणारी) चित्रे आता थेट वापरता येतात आणि माउसच्या चाकाच्या घटना लिनक्सवरही इतर प्रणालींसारख्याच मिळतात. यापुढे या बाबींवर मला काही म्हणायचे नाही.

म्हणायचे आहे ते पहिल्या वेलांटीबद्दल. लिनक्सवर टीके प्रत्येक संकेतांकासाठी फॉन्टमधून एक आकृती उचलते आणि ती आधीच्या आकृतीशेजारी ठेवते. आकृत्यांची अदलाबदल आणि जोडणी सांगणारे फॉन्टमधले नियम ती विचारातच घेत नाही. त्यामुळे ‘शिक्का’ लिहिले की वेलांटी ‘श’ला सोडून पुढच्या ‘क’ला चिकटते, आणि जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेला ‘क’ व शेजारी ‘का’ असे सुटे उमटतात. ‘कर्ज’मधला रफार वर चढत नाही. विंडोज आणि मॅकवर ही जोडणी प्रणालीच करून देते, म्हणून माझ्या दोन्ही सहकाऱ्यांना हा दोष दिसतच नाही. ८.६ मध्येही हे असेच होते, पण युनिकोडचा एवढा पाया घातल्यावर हे काम राहून जावे याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यातही विशेष हे की बाणाची कळ दाबल्यावर कर्सर आता, आयसीयू हे युनिकोड मजकूर हाताळणारे कोडचे ग्रंथालय बसवलेले असेल तर, ‘शि’ हे एक अक्षर मानून ओलांडतो. म्हणजे अक्षराची सीमा कळते, ते काढता मात्र येत नाही. मोडीला याचा जाच कमी होतो, कारण तिच्यात डावीकडे बसणारी वेलांटी नाही. जोडाक्षरे तिथेही सुटतात, तरी ओळ वाचता येते. तीनशे वर्षांपूर्वीची लिपी नीट दिसते आणि आजची शालेय लिपी विस्कटते, हे रोज पाहणे क्लेशाचे आहे.

टीकेसारख्याच क्यूटी ६ किंवा जीटीके ४ या प्रणालींवर जावे असे मला सुचवण्यात आले. दोन्ही अक्षरांची जोडणी करणारे हार्फबझ हे ग्रंथालय वापरतात आणि देवनागरी निर्दोष काढतात, हे मी करून पाहिले आहे. परंतु सगळा प्रोग्रॅम पुन्हा लिहिण्याइतका वेळ माझ्याकडे नाही, आणि चालणारा लॅपटॉप टाकून नवा घेणे मला पटत नाही. त्याच्या तुटपुंज्या मेमरीत टीके आजही क्षणात उघडते.

सध्या मी लिप्यंतराची ओळ पँगो-व्ह्यू या आज्ञेने चित्रात बदलून तेच चित्र खिडकीत दाखवतो. वाचण्यापुरते हे उत्तम चालते, संपादनाच्या चौकटीत मात्र चालत नाही. म्हणून देवनागरी तपासण्याचे काम विंडोज वापरणाऱ्या सहकाऱ्यांकडे गेले आहे, आणि माझ्याकडे मोडी ओळी राहिल्या आहेत.