बाठ्यातल्या भुंग्याचं औषध

परवा खालच्या वाडीतून फोन आला. "काका, आंब्याच्या बाठ्यातल्या भुंग्यावर औषध विकत एक माणूस फिरतोय, निळ्या बाटल्या आहेत. घेऊ काय?" तेव्हाच ठरवलं, लाज गुंडाळून सगळं लिहून टाकायचं.

आमची कलमांची छोटी नर्सरी. आंबा खाणाऱ्याला या भुंग्याचं सोयरसुतक नसतं, गर बहुतेक वेळा चांगलाच निघतो. कोय कलम बांधणाऱ्याला मात्र बाठाच हवा, तो रुजवून त्याच्या कोवळ्या रोपावर कलम बांधायचं असतं, आणि हा भुंगा नेमका तोच खातो. आमच्या रायवळांत तो फार माजला होता.

अक्षय्य तृतीयेनंतर हा गृहस्थ आला. आमच्याच झाडाचा आंबा कापला, बाठा फोडला. आत काळा भुसा, आणि चवळीच्या दाण्याएवढा सोंडवाला भुंगा चालत होता. त्याच्यावर बाटलीतला एक थेंब. भुंग्याने पाय पोटाशी घेतले आणि कलंडला. "बघा काका, पाच सेकंदांत खलास!" म्हणत त्याने तो कुंपणापलीकडे भिरकावला. औषध बुंध्यात ओतायचं, रसाबरोबर बाठ्यापर्यंत चढतं म्हणे. 850 रुपयांना एक, अशा 12 बाटल्या घेतल्या. रोख. पावती "पुढच्या फेरीला".

जूनमध्ये बाठे रुजत घातले, निम्मेही वर आले नाहीत. त्याचा फोन बंद.

कृषी सहायकांनी बाटली उलटीसुलटी करून पाहिली. नोंदणी क्रमांक नाही, बॅच नाही, मुदत नाही, विषाचा रंगीत त्रिकोणसुद्धा नाही. नोंदणीशिवाय कीटकनाशक विकताच येत नाही, कायदा 1968 पासून आहे. मादी अंडी घालते ती फळ लहान असताना, सालीवर. अळी आत शिरते, मागची वाट बुजते. मग मे महिन्यात बुंध्यात काय ओतणार, कपाळ? करायचं ते आधी: गळलेली फळं आणि बाठे वेचून नष्ट करायचे, मोहराआधी सालीच्या फटींत दडलेले भुंगे हुडकायचे, फवारणी सुपारीएवढ्या फळांवर. कलमं बांधण्यात जन्म गेला माझा, आणि हे मला कोणीतरी सांगावं!

न रुजलेले बाठे उकरताना एक भुंगा सापडला. काडीने नुसता डिवचला, तर तसाच पाय मिटून कलंडला. थेंब नाही, काही नाही. ओट्यावर ठेवून चहा घ्यायला बसलो. कप रिकामा होईतो तो उठून ओट्याच्या कडेला पोचला होता.