दुबईची म्हणून घेतलेली खारीक आणि बंदरात अडकलेले ४४ लाख

मे आणि जून २०२५ मध्ये आम्ही एका दलालामार्फत दुबईच्या एका पुरवठादाराला दोन हप्त्यांत मिळून ४४,२१,९६१ रुपये पाठवले. त्या बदल्यात आज आमच्या हाती कस्टम्सची कारणे दाखवा नोटीस आहे. हे लिहायला मला अतिशय लाज वाटते, कारण सुकामेवा आणि ओटीच्या सामानाचा घाऊक व्यापार आमच्या घरात वडिलांपासून चालत आला आहे आणि खारीक हा तर आमचा रोजच्या हाताळणीतला माल आहे. तरीही लिहितो आहे, कारण तोच दलाल अजून बाजारात फिरतो आहे.

पार्श्वभूमी आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांना ठाऊक आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामानंतर पाकिस्तानी मालावर २०० टक्के शुल्क लागले आणि सिंधमधल्या खैरपूरकडची खारीक आपल्याकडे सरळ येणे जवळजवळ थांबले. पहलगामनंतर २ मे २०२५ रोजी परकीय व्यापार धोरणात २.२०ए हा परिच्छेद घालण्यात आला, आणि पाकिस्तानात उत्पन्न झालेल्या किंवा तिथून निर्यात होणाऱ्या कोणत्याही मालाची आयात, मग ती थेट असो वा आडमार्गाने, पूर्णपणे बंद झाली. मी ती अधिसूचना वाचली होती. म्हणूनच दलालाला पहिल्याच फोनवर स्पष्ट विचारले होते की माल कुठला आहे. ‘शंभर टक्के अमिरातीचा, मूळ देशाचे प्रमाणपत्र देतो,’ असे त्याने सांगितले आणि तसे लिहूनही पाठवले.

सौदा दोन कंटेनरचा, म्हणजे ५६ टनांचा होता. बाकीचे पुरवठादार टनाला १,०५० डॉलर सांगत असताना याने ९२० सांगितले. किलोमागे अकरा रुपयांचा फरक मला संशयास्पद वाटायला हवा होता, हे आज सगळेच सांगतात. पण श्रावण तोंडावर होता, पुढे गणपती आणि लग्नसराई होती, आणि नवा पुरवठादार बाजारात शिरताना भाव पाडतो हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. तीस टक्के आगाऊ म्हणून १५,४५६ डॉलर, म्हणजे १३,१६,८५१ रुपये, बँकेतून गेले.

त्यानंतर जे घडले ते मला आजही झोपू देत नाही. कुरिअरने दोन किलोचा नमुना आला. आमचे दिवाणजी तीस वर्षांहून अधिक काळ आमच्याकडे आहेत. त्यांनी एक खारीक अडकित्त्याने उभी कापली, बी बाहेर काढली, गराचा रंग खिडकीपाशी नेऊन पाहिला, मग दुसरी कापली आणि शांतपणे म्हणाले, ‘भाऊ, ही सिंधची आहे. २०१९ च्या आधी हीच यायची आपल्याकडे.’ कच्ची फळे उकळून उन्हात वाळवण्याची तिकडची पद्धत, तिने सालीला येणाऱ्या सुरकुत्या, हे सगळे त्यांनी मला दाखवले. मी त्यांना म्हणालो, ‘दिवाणजी, कागदावर अमिराती आहे, आपण कागद बघायचा.’ ते गप्प बसले. माझ्यापेक्षा कितीतरी जास्त अनुभव त्या अडकित्त्यामागे होता, आणि मी एका स्कॅन केलेल्या पानावर विश्वास ठेवला.

दुसरी खूण त्याच पानांत होती. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचा स्कॅन तिरका होता आणि खालची एक ओळ कापली गेली होती. वर ‘पुनर्निर्यात’ हा शब्द मात्र वाचता येत होता. अमिरातीत पिकलेल्या मालाला पुनर्निर्यातीचे प्रमाणपत्र कशासाठी लागेल? तशा प्रमाणपत्रात माल मुळात कोणत्या देशातून आला हे लिहावे लागते, आणि नेमकी तीच ओळ गायब होती. मी विचारले, तेव्हा मूळ प्रत कुरिअरने निघाली आहे असे उत्तर आले. ती प्रत हातात येईपर्यंत उरलेले पैसे रोखून धरायला हवे होते. मी तसे केले नाही. ३६,०६४ डॉलर, म्हणजे ३१,०५,११० रुपये, त्याच संध्याकाळी पाठवले.

माल उतरला, आमच्या क्लिअरिंग एजंटने बिल ऑफ एंट्री, म्हणजे कस्टम्सकडे द्यायचे आयातीचे घोषणापत्र, भरले आणि दोन्ही कंटेनर तपासणीसाठी निघाले. नव्या पांढऱ्या पोत्यांच्या आत जुनी तागाची पोती होती आणि त्यांवर सिंधीत शिक्के होते. कराचीहून दुबईच्या जेबेल अली बंदराला एका कंटेनरमध्ये माल न्यायचा आणि तिथे दुसऱ्या कंटेनरमध्ये भरून भारतात पाठवायचा, ही ती युक्ती आहे. त्यामुळे कंटेनर क्रमांकाचा माग काढून समाधान मानू नका, कारण तो माग जेबेल अलीलाच सुरू होतो. जून २०२५ मध्येच महसूल गुप्तचर संचालनालयाने ‘ऑपरेशन डीप मॅनिफेस्ट’मध्ये असा ३९ कंटेनर, १,११५ टन माल पकडल्याचे जाहीर केले होते. ती बातमी मी वाचली तेव्हा आमचे पैसे गेलेले होते.

सीमाशुल्क कायद्याच्या कलम ११० खाली माल जप्त झाला. कलम १०८ खाली जबाबासाठी मला तीन वेळा बोलावले आणि प्रत्येक वेळी सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत बाकावर बसवून ठेवले. मी स्वतःहून दलालाचे सगळे संदेश, बँकेच्या पावत्या आणि तो तिरका स्कॅन दिला. त्यावर मला विचारण्यात आले की इतक्या वर्षांच्या व्यापाऱ्याला माल ओळखता कसा आला नाही. या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, पण फसवणाऱ्याचा फोन क्रमांक त्यांच्यासमोर ठेवूनही त्याला कोणी फोन लावला नाही, हा माझा प्रश्नही तसाच उभा आहे. जप्तीनंतर नोटीस देण्याची सहा महिन्यांची मुदत संपायला चार दिवस उरले असताना मुदतवाढीचे पत्र आले. माल तात्पुरता सोडण्याचा अर्ज बंदीचा माल म्हणून फेटाळला गेला. पावसाळा गेला, खारकेला कीड लागली, आणि नोटीस दहाव्या महिन्यात आली.

पोलिसांकडे गेलो तर सौदापत्र आहे, म्हणजे हे दिवाणी प्रकरण आहे, असे सांगून अर्ज परत केला. सायबर विभाग म्हणाला की पैसे तुम्ही स्वतः पाठवले आहेत. बँक पैसे परत मागवू शकली नाही, उलट परकीय चलन पाठवले त्याबदल्यात माल देशात आल्याची नोंद पूर्ण कुठे आहे, असे ती आता आम्हालाच विचारते. जप्त मालावर गोदामाने भाडे घेऊ नये असे सीमाशुल्काच्या २००९ च्या नियमावलीत आहे, आणि भाडे न घेण्याबद्दलचे पत्र मी मिळवलेही. पण जहाज कंपनीने कंटेनर अडकल्याचे म्हणून ६,३८,४०० रुपये मागितले आहेत. वकिलाचे आतापर्यंत १,७५,००० झाले. टनामागे १३० डॉलर वाचवून मी सगळ्या सौद्यात ६,२०,००० रुपये वाचवणार होतो.

जप्तीसाठी तुम्हाला खरे ठाऊक होते की नाही हे कायदा पाहत नाही, हे आधी समजून घ्या. खोटी कागदपत्रे जाणूनबुजून दिल्याचा कलम ११४एए चा आरोप त्यांना सिद्ध करावा लागतो, म्हणून विचारलेला प्रत्येक प्रश्न आणि आलेले प्रत्येक उत्तर लेखी ठेवा. मला आज तेवढाच आधार आहे. बिल ऑफ एंट्रीत मूळ देश आणि माल पाठवणारा देश हे दोन वेगळे रकाने आहेत, आणि पहिला रकाना भरण्याची जबाबदारी तुमची आहे, एजंटची नाही. पुरवठादाराने तो माल कुठल्या शेतकऱ्याकडून किंवा कारखान्याकडून घेतला त्याची खरेदी पावती मागा, आणि ती मिळत नसेल तर सौदा सोडा. माल भरताना तुमचा माणूस किंवा तपासणी संस्था तिथे उभी असू द्या. मूळ कागद हातात आल्याशिवाय एक डॉलरही पाठवू नका. आणि तुमच्याकडे कोणी जुने जाणते दिवाणजी असतील, तर त्यांनी कापलेली खारीक स्वतः हातात घेऊन पाहा.

गेल्या आठवड्यात बाजारातल्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याने मला त्याच्याकडे आलेले कागद दाखवले. कंपनीचे नाव वेगळे होते आणि भाव टनाला ९३५ डॉलर होता. वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राचा स्कॅन तसाच तिरका होता आणि खालची ओळ तिथेच कापलेली होती.