के, एन की एस? हजार अंशांच्या आसपास चालणाऱ्या भट्टीसाठी थर्मोकपल निवडताना

थर्मोकपल म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांची जोडी, जिच्या व्होल्टेजवरून तापमान कळतं; के, एन आणि एस हे तिचे प्रकार. भट्टीसाठी तो घेताना बहुतेक जण कॅटलॉगमधला कमाल तापमानाचा आकडा पाहतात. के टाइपसमोर 1200 अंश सेल्सियसच्या आसपासचा आकडा असतो, आपली भट्टी 930 ला चालते, म्हणजे भरपूर वाव आहे असं वाटतं. पण त्या आकड्यावरून तार कितपत तग धरेल एवढंच कळतं. रीडिंग किती काळ खरं राहील, हे त्यातून कळत नाही. माझ्या मते निवड या दुसऱ्या प्रश्नावरच व्हायला हवी. तुटलेला थर्मोकपल कंट्रोलर लगेच दाखवतो, रीडिंग सरकलेला दाखवत नाही. डिस्प्लेवर 930 स्थिर दिसत राहतं आणि आत माल 950 ला शिजत असतो.

नवे असताना के आणि एन यांच्यात अचूकतेचा काहीच फरक नाही. आयईसीच्या (आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाच्या) मानकाप्रमाणे दुसऱ्या वर्गात, 1000 अंशांना, दोघांनाही साडेसात अंश अधिक-उणे इतकी सूट आहे. एस टाइपला ती अडीच अंश आहे. पहिल्या दोघांतला खरा फरक पडतो तो वापरात आल्यानंतर.

के म्हणजे आपल्याकडे ज्याला सीआर-एएल म्हणतात तो. एक तार क्रोमेलची, म्हणजे 90 टक्के निकेल आणि 10 टक्के क्रोमियम. दुसरी अल्युमेलची, म्हणजे निकेलात थोडं अल्युमिनियम, मँगनीज आणि सिलिकॉन. गॅस कार्बुरायझिंग (पोलादाच्या पृष्ठभागात वायूतून कार्बन मुरवण्याचं काम) करणाऱ्यांनी याचा एक रोग नीट समजून घ्यावा. भट्टीत ऑक्सिजन अगदी कमी असला, की साधारण 800 ते 1050 अंशांच्या पट्ट्यात क्रोमेलमधलं क्रोमियम तेवढं निवडून ऑक्सिडाइझ होतं आणि तार आतून हिरवी पडते. यालाच ग्रीन रॉट म्हणतात. क्रोमियम गेलं की व्होल्टेज घटतं, रीडिंग कमी दिसतं, आणि कंट्रोलर बिचारा प्रामाणिकपणे आणखी उष्णता देतो. ही सरक कित्येक दहा अंशांपर्यंत जाऊ शकते. साध्या हवेच्या भट्टीतही हे घडतं: तळ बंद असलेल्या लांब, अरुंद ट्यूबमध्ये तारा आतला ऑक्सिजन वापरून संपवतात आणि ताजी हवा पोचत नाही. अशा जागी जाड तार आणि रुंद ट्यूब घेतली तर के सुद्धा जास्त दिवस चालतो.

के चा दुसरा दोष टेंपरिंगवाल्यांना, म्हणजे हार्डनिंगनंतर पोलाद कमी तापमानाला पुन्हा तापवणाऱ्यांना, भोवतो. साधारण 250 ते 550 अंशांत क्रोमेलमधल्या अणूंची मांडणी हळूहळू बदलते आणि रीडिंग काही अंशांनी हलतं. त्यापेक्षा बरंच जास्त तापवलं की ते पूर्ववत होतं. म्हणून एकच के कधी हार्डनिंगच्या, कधी टेंपरिंगच्या भट्टीत फिरवू नये.

हे दोष कमी करण्यासाठीच 1970 च्या दशकात ऑस्ट्रेलियात नोएल बर्ली यांनी एन टाइप पुढे आणला. त्याच्या एका तारेत, नायक्रोसिलमध्ये, क्रोमियम 14 टक्क्यांच्या वर नेलं, दुसरीतून, नायसिलमधून, अल्युमिनियम आणि मँगनीज काढले, आणि दोन्हींत सिलिकॉन ठेवला. त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट संरक्षक थर बसतो आणि आतल्या मिश्रधातूचं प्रमाण टिकतं. एन अगदी निर्दोष नाही, अणूंच्या मांडणीचा त्रास त्यालाही थोडा होतो, पण 900 ते 1150 च्या सततच्या कामात तो के पेक्षा खूपच स्थिर राहतो. किमतीतला फरक एवढा किरकोळ आहे, की नव्या भट्टीला के का बसवतात हे मला समजत नाही. शीथवाला (तारांवर धातूचं आवरण असलेला) घेत असाल तर स्टेनलेस स्टीलचा टाळा. त्यातलं मँगनीज उच्च तापमानाला तारांत शिरतं. इन्कोनेल (निकेल-क्रोमियमचा मिश्रधातू) किंवा नायक्रोसिलच्याच जातीचं शीथ मागा.

1150 च्या वर सतत चालवायचं असेल, किंवा ग्राहकाला अडीच अंशांची खात्री द्यायची असेल, तर एस. शुद्ध प्लॅटिनम आणि 10 टक्के ऱ्होडियम मिसळलेलं प्लॅटिनम यांच्या तारांची ही जोडी 1990 पर्यंत आंतरराष्ट्रीय तापमानमापनाचा भाग होती. महाग असली तरी जुनी तार भंगारात चांगला भाव देते. पण ती नाजूक आहे. धातूची वाफ आणि कार्बनी वातावरणात सुटणारा सिलिकॉन तिला खातात. प्लॅटिनम आणि सिलिकॉन एकत्र आले की 830 अंशांच्या आसपासच वितळतात. शुद्ध अल्युमिनाच्या ट्यूबशिवाय एस घेऊच नका.

तपासणीबद्दल एक गोष्ट आग्रहाने सांगतो. व्होल्टेज टोकाच्या जोडात तयार होतं असा समज आहे. ते तयार होतं तारेच्या ज्या भागात तापमान उतरत जातं तिथे, म्हणजे बहुधा भट्टीच्या भिंतीत. जुना थर्मोकपल काढून लॅबच्या भट्टीत कमी-जास्त खोल घातला, की तारेचा वेगळाच तुकडा मोजला जातो. प्रमाणपत्र स्वच्छ येतं आणि भट्टीतली चूक तशीच राहते. त्यापेक्षा बाजूला एक रिकामं छिद्र ठेवा आणि चालू भट्टीत नवा थर्मोकपल घालून ताडून पाहा.

हेडकडेही, म्हणजे तारा जिथे केबलला जोडतात त्या डबीकडेही, तेवढंच लक्ष हवं. के साठी मिळणारी तांबे-कॉन्स्टंटनची स्वस्त केबल 100 अंशांपर्यंतच बरोबर चालते. दाराजवळचं हेड त्याहून तापत असेल तर के च्याच धातूंची केबल लागेल. के काढून एन बसवताना केबल आणि कंट्रोलरचं सेटिंग, दोन्ही बदला. 900 अंशांना के 37.3 मिलीव्होल्ट देतो, एन 32.4. सेटिंग जुनंच राहिलं तर डिस्प्लेवर 900 दिसेल तेव्हा भट्टीने हजार ओलांडलेले असतील.