‘तयार यार्ड’ म्हणून घेतलेली जागा आणि बुडालेले 6,84,000 रुपये

एजंटने सातबारा दाखवला, एनए (बिनशेती वापराचा) आदेश दाखवला आणि 12 गुंठ्यांची जागा ‘तयार यार्ड’ म्हणून आमच्या गळ्यात मारली. सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतताना आधाराला लावायच्या) प्लेटा आणि पाइप उघड्यावर रचायचे होते, एक वीटही चढवायची नव्हती. अशा कामाला वेगळी परवानगी लागेल असं कुणाच्याही मनात येणार नाही, आणि एजंट नेमका याच समजुतीवर धंदा करतो. अनामत 3,00,000. भराव करणारा ठेकेदार त्याचाच माणूस. 120 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), ब्रासला 3,200 प्रमाणे 3,84,000.

आदेश खोटा असता तर एवढं लागलं नसतं. तो खरा होता. गट नंबर जुळत होता, क्षेत्र जुळत होतं, सही-शिक्का होता; आणि प्रयोजनापुढे स्पष्ट लिहिलं होतं, ‘निवासी’. तो शब्द वाचला होता. त्यावर बोट ठेवून विचारलंही होतं. “एनए झालं की झालं हो,” एवढ्या एका वाक्यावर कागद घडी करून फाइलीत गेला. तिथेच उठून यायला हवं होतं. एनए सरसकट नसतं, ते त्या प्रयोजनापुरतंच असतं. आणि 1966 च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमात ‘विकास’ म्हणजे नुसतं बांधकाम नाही. जमिनीच्या वापरातला ठळक बदलही त्यात येतो. उघड्यावरचा माल म्हणून सूट मिळत नाही. झोन, म्हणजे नियोजनात त्या जागेला ठरवलेला वापर, सातबाऱ्यावर शोधू नका, तो तिथे नसतो. नगररचना कार्यालयातून झोन दाखला आणि भाग नकाशा स्वतः अर्ज करून काढा. एजंटच्या झेरॉक्सवर विसंबू नका.

भरावातली लूट आणखी सफाईदार. ठरलं होतं असं: वरची काळी माती काढायची, तळ दाबायचा, मुरूम दाबून 6 इंच, त्यावर खडीचा 3 इंच थर, 8 ते 10 टनी रोलर, आणि पाणी निघून जावं म्हणून 40 फुटांना 1 फूट उतार. 12 गुंठे म्हणजे 13,068 चौरस फूट. दाबलेले 9 इंच म्हणजे 98 ब्रास, दाबण्याआधीचा सुटा माल धरून 120. हिशोब चोख होता, म्हणूनच बिलावर शंका आली नाही.

पण रोलर फिरत होता आणि त्याच्यामागे धूळ उडत होती. पाण्याचा टँकर एकदाही आला नाही. ओलाव्याशिवाय मुरूम बसत नाही, वरून नुसता गुळगुळीत दिसतो. पहिल्या मोठ्या पावसात काळी माती फुगली, खडी तिच्यात उतरली आणि हायड्रा क्रेनचं मागचं चाक अर्धं रुतलं. मग सहा ठिकाणी खड्डे घेतले: थर सरासरी 4 इंच, खाली माती जशीच्या तशी. किमान 66 ब्रास सुटा माल आलेलाच नाही. 2,11,200 रुपये न आलेल्या मालाचे!

तलाठी म्हणतात, झोन आमच्याकडे नाही. नगररचनावाले म्हणतात, वापराची तक्रार तहसीलला द्या. पोलिसांनी अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही आणि “ही दिवाणी बाब” म्हणून वाट दाखवली, कारण करारात ‘सर्व परवानग्या वापरणाऱ्याने घ्याव्यात’ अशी एक ओळ होती. पाच महिने एकाही माणसाला जागेवर यायला वेळ नव्हता. अनधिकृत वापराची दंडाची नोटीस मात्र बरोबर आमच्या नावाने, बरोबर त्याच पत्त्यावर आली. जमीनमालक मोकळा, एजंट मोकळा, आणि ज्याने पैसे भरले तो गुन्हेगार. हे संतापजनक आहे.

करारात ‘उघडी साठवणूक’ हे प्रयोजन आणि परवानगी आणण्याची जबाबदारी मालकावर लिहून घ्या, तोपर्यंत अनामत देऊ नका. टिपर खाली होण्याआधी आतली लांबी, रुंदी, मालाची उंची फुटात मोजा आणि गुणाकाराला 100 ने भागा, म्हणजे ब्रास निघतात. मागच्या बाजूला ढीग आणि केबिनकडे खड्डा असतो, म्हणून उंची चारही कोपऱ्यांत घ्या. प्रत्येक फेरीचा गौण खनिजाचा वाहतूक परवाना मागून ठेवा, फेऱ्यांचा आकडा त्यावरूनच धरता येतो. मुरमाचा थर उघडा असतानाच पहारीने भोक पाडून जाडी बघा. खडी पडल्यावर कुणी खणू देत नाही.