भावातीत ध्यान की माइंडफुलनेस: कोणाचं संशोधन भरवशाचं?

रक्तदाबासाठी ध्यान करायचंय, पण मनात मंत्र जपत करायचं भावातीत की चालू क्षणाकडे शांतपणे लक्ष देण्याचं माइंडफुलनेस, असं एका मैत्रिणीने विचारलं. जाहिराती बाजूला ठेवून नुसते अभ्यास पाहू.

रक्तदाबात भावातीत ध्यान थोडं पुढे. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१३ मध्ये त्याला 'विचार करायला हरकत नाही' इतपत मान्यता दिली; इतर ध्यानपद्धतींची शिफारस केली नाही.

अभ्यास कोणी केले, इथे मात्र गोची आहे. भावातीतचे बरेच अभ्यास ही पद्धत आणणाऱ्या महर्षी महेश योगींच्याच विद्यापीठाशी जोडलेल्या संशोधकांचे. हृदयरुग्णांवरचा २०१२ चा गाजलेला अभ्यासही त्यांच्याच पुढाकाराने झालेला. (आधी एका नियतकालिकाने तो प्रसिद्धीच्या १२ मिनिटं आधी रोखला होता!) माइंडफुलनेसवाल्यांनी निदान आपले दावे पुन्हा तपासले. आठ आठवड्यांत मेंदूची रचना बदलते, असं २०११ मध्ये १६ साधकांवरून म्हटलं गेलं. २०२२ मध्ये दोनशेहून अधिक जणांत तसं काही आढळलं नाही. मला तरी हे खोडणंच जास्त विश्वासाचं वाटतं.

दुखणं आणि चिंता? २०१४ च्या ४७ चाचण्यांच्या आढाव्यात माइंडफुलनेसचा मध्यम पुरावा मिळाला.

तेव्हा फक्त रक्तदाब असेल तर भावातीत, गोळ्या न सोडता. अंगदुखी किंवा चिंता असेल तर माइंडफुलनेस. मेंदू वाढवायचा असेल, तर दोन्ही नकोत.